शनी एरंडोलला, नेपच्यून धुळ्याला

एसटीच्या हिशेबात पृथ्वी सूर्यापासून अर्ध्या टप्प्यावर येते. सूर्य जळगावच्या बसस्थानकात आणि नेपच्यून धुळ्याला ठेवला, तर पहिला टप्पा संपायच्या आत बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह मागे पडतात. गुरू तिसऱ्या टप्प्यात, शनी पाचव्या, युरेनस दहाव्या आणि नेपच्यून पंधराव्या टप्प्याच्या अगदी शेवटी. ज्यांनी कधी वेबिल भरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. तिकिटाचे पैसे टप्प्यावर ठरतात. मी जळगाव-धुळे मार्गावर कंडक्टर होतो. नोकरी सगळी टप्प्यांत गेली, त्यामुळे आकाशातलं अंतरही मला टप्प्यांतच नीट कळतं.

हा हिशेब करायची वेळ नातीच्या शाळेमुळे आली. ‘सौरमालेची प्रतिकृती करून आणा’ असा प्रकल्प मिळाला होता. आता हा प्रकल्प कोणी करत नाही, विकत आणतात. स्टेशनरीच्या दुकानात तो तयार मिळतो: काळ्या कार्डशीटवर चमकी, बांबूच्या काड्यांना टोचलेले थर्माकोलचे गोळे, मधोमध पिवळा सूर्य, शनीला पुठ्ठ्याचं कडं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली, पण शाळेच्या प्रकल्पात तो अजून सुखात आहे. सूर्य मोसंबीएवढा, गुरू लिंबाएवढा, पृथ्वी सुपारीएवढी आणि सगळे एकमेकांपासून चार बोटांवर. रंग चांगला असला की दहापैकी नऊ गुण. नातीनं मला विचारलं, ‘‘आबा, यात खरं काय आहे?’’ मी म्हटलं, ‘‘नावं आणि क्रम. बाकी काही नाही.’’

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शिक्षकांना, पालकांना आणि विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांना उद्देशून आहे. ज्या प्रतिकृतीवर प्रमाण लिहिलेलं नाही, तिला प्रतिकृती म्हणून गुण देऊ नका. हस्तकला म्हणून खुशाल द्या. नकाशावर प्रमाण नसेल तर भूगोलाचे गुरुजी गुण कापतात. मग आकाशाला ही सूट का?

सूट देतात त्यामागचं कारण मला कळतं. पुस्तकाच्या पानावर सूर्यमाला मापात बसतच नाही. चित्रकारानं ग्रह जवळजवळ काढले ते नाइलाजानं, आणि शाळेनं त्या नाइलाजालाच नमुना मानलं. पण मूल पानावर राहत नाही, गावात राहतं. गावाला रस्ता असतो, आणि रस्त्याला किलोमीटरचे दगड असतात.

आपल्या रस्त्याचं माप बघा. सूर्य ते नेपच्यून अंतर सुमारे ४५० कोटी किलोमीटर. ते जळगाव-धुळ्याच्या ९० किलोमीटरमध्ये बसवायचं तर प्रमाण येतं पाच कोटीला एक. म्हणजे आकाशातले ५०० किलोमीटर इथे एक सेंटिमीटर. आता गाडी सुटू द्या. सूर्याचा व्यास येतो २८ मीटर. जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत सगळ्या खान्देशाला माहीत आहे. तिच्या निम्म्यापर्यंत पोहोचेल एवढा हा गोळा. तिथून १.२ किलोमीटरवर बुध, दहा सेंटिमीटरचा. २.२ किलोमीटरवर शुक्र, २४ सेंटिमीटरचा. बरोबर तीन किलोमीटरवर पृथ्वी, साडेपंचवीस सेंटिमीटरची, म्हणजे बास्केटबॉलपेक्षा किंचित मोठी. साडेचार किलोमीटरवर मंगळ, साडेतेरा सेंटिमीटरचा. अजून गिरणा ओलांडलेली नाही.

गिरणेचा पूल, बांभोरी, विद्यापीठ हा साधारण लघुग्रहांचा पट्टा. त्यातला सगळ्यात मोठा सेरेस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, एखाद्या बोराएवढा. पाळधी मागे टाकली की साडेपंधरा किलोमीटरवर गुरू, २.८ मीटर व्यासाचा. तो वर्गाच्या दारातून आत जाणार नाही. शनी २८.७ किलोमीटरवर, म्हणजे एरंडोलच्या उंबऱ्याशी. युरेनस ५७ किलोमीटरवर, पारोळ्याला. त्यानंतर मुकटी येते, फागणे येतं, पण ग्रह येत नाही. बत्तीस किलोमीटर नुसती पोकळी, आणि मग धुळ्याच्या वेशीवर एक मीटरचा नेपच्यून. चौपदरीकरणानंतर बायपासमुळे किलोमीटर थोडे इकडेतिकडे झाले असतील, पण क्रम आणि अंदाज चुकत नाही. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं, तरी तो या मार्गावर आहेच. त्याची कक्षा इतकी लांबट की सूर्याजवळ येतो तेव्हा तो धुळ्यात असतो आणि लांब जातो तेव्हा साक्रीच्या आसपास. आकार पावणेपाच सेंटिमीटर.

ग्रह असे एका रांगेत कधी उभे नसतात, हेही मुलांना याच वेळी सांगता येतं. नकाशावर जळगाव मध्य धरून कंपासनं वर्तुळं काढायची. एरंडोलमधून जाणारं शनीचं, पारोळ्यातून जाणारं युरेनसचं, धुळ्याजवळून जाणारं नेपच्यूनचं. नेपच्यून १८४६ मध्ये सापडला आणि त्यानंतरची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. बुध आपली फेरी ८८ दिवसांत उरकतो. कोणाची गाडी कुठे आहे हे वेळापत्रक बघितल्याशिवाय सांगता येत नाही, ते ग्रहांनाही लागू आहे.

सगळ्यात गंमत प्रकाशाची. प्रकाशाचा वेग या प्रमाणात आणला तर सेकंदाला सहा मीटर येतो, म्हणजे ताशी साडेएकवीस किलोमीटर. जोरात सायकल हाणणाऱ्या पोराचा वेग. जळगावहून सायकलवर निघालेला पोरगा पृथ्वीपाशी आठ मिनिटं वीस सेकंदांनी पोहोचेल, सूर्याचा उजेड पोहोचतो तसा. धुळ्याला पोहोचायला त्याला चार तास दहा मिनिटं लागतील. आमची एसटी हे अंतर त्याच्या निम्म्या वेळात, फार तर थोडं जास्त लागून, कापते. विश्वात प्रकाशापेक्षा वेगानं काही जात नाही असं विज्ञान सांगतं. या प्रमाणात लालपरी जाते, तेही हाफ तिकिटात. मुलांना हे सांगून बघा, प्रकाशवर्ष म्हणजे काळ की अंतर हा गोंधळ पुन्हा होणार नाही. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? तो याच प्रमाणात आठ लाख किलोमीटरवर जातो. आकाशात दिसणारा खराखुरा चंद्र आहे ना, त्याच्या दुपटीहून लांब.

आता चंद्रांकडे येऊ, कारण थर्माकोलचं सगळ्यात मोठं पाप तिथे आहे. दुकानातल्या प्रतिकृतीत चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो. मापात तो क्रिकेटच्या चेंडूएवढा, सात सेंटिमीटरचा, आणि पृथ्वीपासून पावणेआठ मीटरवर. दोन मुलांना हे दोन गोळे घेऊन शाळेच्या व्हरांड्यात उभं करा. चांद्रयान ३ ला हे अंतर काटायला १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३ असे चाळीस दिवस लागले. अवकाश स्थानक मात्र या पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फक्त आठ मिलिमीटर वर फिरतं. अवकाशात जाणं आणि चंद्रावर जाणं यांतला फरक यापेक्षा सोपा करून कसा सांगणार?

दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो आणि ‘कक्षा पाच अंशांनी कललेली आहे’ या पाठ उत्तरावर संपतो. मापात तो असा सुटतो: चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली अठरा सेंटिमीटर रुंद पडते. आणि त्या कलण्यामुळे चंद्राचा चेंडू सावलीच्या पातळीपासून सत्तर सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जातो. वीतभर सावली हुकवायला तेवढं पुष्कळ झालं. चिकटवलेल्या चंद्रात हे कधीही दिसणार नाही, उलट दर महिन्याला ग्रहण व्हायलाच हवं असं वाटेल. म्हणजे ती प्रतिकृती नुसती अपुरी नाही, ती उलटं शिकवते.

गुरूचे चार मोठे चंद्र, जे गॅलिलिओनं १६१० मध्ये पाहिले, या प्रमाणात सहा ते साडेदहा सेंटिमीटरचे होतात. आयो साडेआठ मीटरवर, कॅलिस्टो अडतीस मीटरवर. त्यांतला गॅनिमीड आपल्या बुधापेक्षा मोठा. एरंडोलच्या एखाद्या शाळेच्या मैदानात शनी ठेवला, तर टायटन त्याच्यापासून चोवीस मीटरवर. शनीची मुख्य कडी साडेपाच मीटर रुंदीची, पण जाडीला इतकी पातळ की वहीचा कागददेखील कित्येक पटींनी जाड ठरेल. मंगळाचा फोबॉस अर्ध्या मिलिमीटरहून लहान, खसखशीचा दाणा. शनीला एकूण चंद्र किती, हे पाठ करून घ्यायची तर सोयच राहिली नाही. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांना मान्यता मिळाली आणि संख्या २७४ झाली. गाइडमधला आकडा शिळा होतो, पण प्रमाण काढता येणारं मूल नवा आकडा स्वतः बसवू शकतं.

खान्देशात हे सांगायला दूरचा दाखला शोधावा लागत नाही. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या डोंगरात पाटणे आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्यानं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं तो सांगतो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात ग्रहगणिताची शाळा होती. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० मध्ये लिहिला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यातल्या गोलाध्यायात बांबूच्या सरळ काड्या वाकवून आकाशाचा गोल कसा बांधायचा, यावर स्वतंत्र प्रकरण आहे. बांबूच्या काड्या आपण आजही वापरतो, फक्त माप सोडून दिलं.

त्यांचं माप कसं होतं तेही तपासू. त्यांनी पृथ्वीचा व्यास सुमारे १५८१ योजनं, चंद्राचा ४८० आणि चंद्राचं अंतर ५१,५६६ योजनं दिलं आहे. एक योजन किती किलोमीटरचं, या वादात पडायचं कारण नाही, प्रमाण काढलं की पुरे. आपल्या साडेपंचवीस सेंटिमीटरच्या पृथ्वीला त्यांचा चंद्र बसतो पावणेआठ सेंटिमीटरचा, आणि अंतर ८.३ मीटर. आजच्या मापानं सात सेंटिमीटर आणि ७.७ मीटर. दुर्बीण नसताना! दुकानातल्या प्रतिकृतीपेक्षा ते कितीतरी खरे.

सूर्याच्या बाबतीत मात्र त्यांचा आकडा फार कमी आला. त्यांच्या हिशेबानं सूर्य जेमतेम एक मीटरचा आणि १११ मीटरवर येतो. खरा २८ मीटरचा, तीन किलोमीटरवर. असं का झालं, हे कोणत्याही आठवीच्या मुलाला समजेल. सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात, असं सिद्धान्तग्रंथ धरून चालत. चंद्राला एक फेरी घ्यायला जेवढे दिवस लागतात त्याच्या सव्वातेरा-साडेतेरा पट सूर्याला लागतात, म्हणून अंतरही तेवढ्याच पट. प्रत्यक्षात ते ३८९ पट आहे. दोन ठिकाणांहून पाहिलं की चंद्र ताऱ्यांमध्ये जागा बदलतो हे डोळ्यांनी कळतं, सूर्याच्या बाबतीत तो फरक डोळ्यांना पकडताच येत नाही. आकडा गृहीतकावर टेकला होता. पण आकडा दिला होता म्हणून तर आज तो तपासता आला. आपल्या जिल्ह्यातल्या या वारशाचा अभिमान बाळगायचा तर तो इथे बाळगावा. भाषणात नाव घेऊन आणि थर्माकोलला नऊ गुण देऊन तो साजरा होत नाही.

यावर माझ्या ओळखीचे गुरुजी म्हणतात, ‘‘आबा, तुमचं बरोबर, पण वर्गात साठ पोरं, पोर्शन संपत नाही, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. पोरांना जळगावहून धुळ्याला कोण नेणार?’’ तक्रार खरी आहे. शिक्षकांवर आधीच पुष्कळ लादलेलं आहे. म्हणून ज्याला एका तासिकेत करायचं आहे त्यानं दुकानातलाच पंधरा सेंटिमीटरचा गोळा सूर्य म्हणून शाळेच्या फाटकात ठेवावा. मग पृथ्वी मोहरीच्या बारीक दाण्याएवढी येते आणि १६ मीटरवर जाते. गुरू बोराएवढा, ८४ मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून लहान हरभऱ्याएवढे, त्यांतला नेपच्यून ४८५ मीटरवर, म्हणजे बहुतेक खेड्यांत गावाच्या टोकाला. पृथ्वीपासून चंद्र चार सेंटिमीटरवर, पण तो आता नुसता टिंब. स्वयंपाकघरातली मूठभर धान्यं आणि मोजायला दोरी, एवढा खर्च. पावलं मोजत चाललं तर दोरीसुद्धा लागत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा. मुलांच्या हातांना काम मिळतं, रंगवण्यात आनंद असतो, तो का हिरावता? हिरावत नाही. पण हल्ली तो गोळा रंगवतं कोण? रात्री अकरा वाजता आई. मोजायचं काम मात्र आईला करता येणार नाही, ते मुलालाच चालून करावं लागतं. आणि ज्या घरात दुकानातली तयार प्रतिकृती घ्यायला पैसे नाहीत, त्या घरातलं पोर हरभरे आणि मोहरी घेऊन बरोबरीनं उभं राहतं. गुण मापाला मिळू लागले की पैशाची पुढची रांग आपोआप मोडते.

मोठं काम करायचं असेल तर तेही अवघड नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात हमरस्त्याच्या कडेनं सुमारे चाळीस मैलांची सूर्यमाला २००३ मध्ये उभी राहिली, तिथल्या शाळांच्या मुलांनी आणि गावकऱ्यांनी ती बांधली. स्वीडनमध्ये १९९८ पासून स्टॉकहोमची एक गोल इमारत सूर्य धरून देशभर ग्रह मांडले आहेत. आपल्याकडे गोळेसुद्धा बांधायला नकोत. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती नाही तरी रंगवलेल्या असतातच. पाळधी-एरंडोलच्या मधल्या एखाद्या शाळेनं खिळा, दोरी आणि खडू घेऊन भिंतीवर २.८ मीटरचं वर्तुळ काढावं, तो गुरू. एरंडोलनं शनी, पारोळ्यानं युरेनस, धुळ्यानं नेपच्यून आपल्या नावावर घ्यावा. शेजारी चंद्र, त्यांची अंतरं आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रमाण : पाच कोटीस एक’. जळगावच्या बसस्थानकात एक फलक, धुळ्याच्या बसस्थानकात दुसरा. शाळेच्या सहलीला एसटी सवलतीत गाडी देतेच. मुलांनी महामार्गावर चालायची गरज नाही, खिडकीतून मोजावं. ग्रह आला की कंडक्टर नाव पुकारेल, ही जबाबदारी मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांच्या वतीनं घेतो.

तोपर्यंत परीक्षकांनी यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात एक साधी गोष्ट करावी. सौरमालेच्या प्रत्येक प्रतिकृतीसमोर उभं राहून मुलाला तीन प्रश्न विचारावेत: प्रमाण किती? तुझ्या पृथ्वीपासून तुझा चंद्र किती अंतरावर? आणि या टेबलावर न मावलेला तुझा नेपच्यून कोणत्या गावात आहे? तिसऱ्या प्रश्नाला जे मूल गावाचं नाव सांगेल, त्याला पहिला नंबर द्यावा, मग त्याच्या टेबलावर नुसते हरभरे का असेनात.